‘निवडक’ या शब्दामागची शंभर वर्षं

मराठी बातम्यांत अमेरिकेतल्या कोयोटचा ‘कोल्हा’ होतो आणि तिथूनच गफलत सुरू होते. अंगानं तो आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किरकोळ आणि नात्यानं लांडग्याचा भाऊबंद. मेंढी धरताना तो बहुधा थेट नरडं धरतो. ही सवय लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याच भरवशावर ‘निवडक’ म्हणवणारं एक हत्यार बनलं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे कोयोटविरुद्ध सरकारी पैसा ओतायला सुरुवात झाली १९१५ साली. १९३१ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. स्ट्रिक्निन हे विष घातलेल्या मांसानं लांडगे जवळपास संपले आणि मोकळ्या झालेल्या मुलखात कोयोट पसरला. ज्याच्यासाठी विष पेरलं तोच वाढला, हा या इतिहासातला पहिला विनोद.

खरा घोळ सुरू होतो १९४०च्या दशकात, ‘टेन-एटी’ नावाच्या विषापासून. कुत्र्याच्या जातकुळीला हे विष फार थोड्या मात्रेत मारतं, पक्ष्यांना त्यापेक्षा बरंच जास्त लागतं. म्हणून मात्रा बेतून दिली की फक्त कोयोट मरेल आणि बाकीचे वाचतील, असा हिशेब मांडला गेला. ‘निवडक’ हा शब्द सरकारी कागदांत रुजला तो या हिशेबातून. पण हिशेब प्रयोगशाळेतला होता आणि मांस पडलेलं माळावर. एक जनावर किती लचके तोडेल, बर्फ वितळल्यावर उरलेल्या तुकड्याला कोण तोंड लावेल, हे कोण मोजणार? शिवाय खोकड आणि मेंढपाळाचं स्वतःचं कुत्रं त्याच जातकुळीतले.

१९७१च्या उन्हाळ्याआधी वायोमिंगमधल्या कॅस्पर गावाजवळ दोन डझनांच्या आसपास गरुड मेलेले सापडले. कारण निघालं थॅलियम, तेही कोयोटसाठी मांसात भरलेलं. गरुड हा त्या देशाचा मानाचा पक्षी. त्याच वर्षी नेमलेल्या समितीनं विषप्रयोग थांबवावा असं सुचवलं आणि ८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्षांच्या आदेशानं केंद्र सरकारच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरायला बंदी आली. पुढच्याच महिन्यात स्ट्रिक्निन, सायनाइड आणि टेन-एटी यांची या कामासाठीची नोंदणी, म्हणजे वापराची परवानगीही रद्द झाली. (आपला वन्यजीव संरक्षण कायदा त्याच वर्षीचा. योगायोगच, पण वर्ष लक्षात ठेवायला सोपं.)

या निर्णयावरून आजही भांडणं होतात. मेंढीवाल्यांचं म्हणणं असं की धंदा त्यानंच बुडाला. आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या मेंढ्यांची संख्या १९४२ मध्ये साडेपाच कोटींच्या वर पोहोचून घसरायला लागली, आणि ती घसरली सगळ्यात जोरात विष चालू होतं त्या काळात. लोकर मागे पडली, कृत्रिम धागा आला, राखणीला माणूस मिळेना. तरीही ज्याच्या वाड्यातली दहा कोकरं एका आठवड्यात गेली त्याला हे तक्ते दाखवून काय उपयोग, हेही खरं.

बंदी फार दिवस अखंड राहिली नाही. १९७५ मध्ये सायनाइड परत आलं, ‘एम-४४’ या साधनातून. जमिनीत ठोकलेली नळी, वर वासाचं आमिष लावलेलं बोंडूक. जनावरानं ते दातात धरून वर ओढलं की स्प्रिंग सुटते आणि सायनाइडची भुकटी थेट तोंडात. चाटलं तर काही होत नाही, ओढावं लागतं. आणि ओढण्याची खोड कुत्र्याच्या कुळाची, म्हणून हे ‘निवडक’. १९८२ मध्ये १९७२चा आदेशच रद्द झाला. १९८५ मध्ये टेन-एटीही परतलं, पण मेंढीच्या गळ्यातल्या पट्ट्यात. नरड्याशी रबरी पिशव्या, आत विषाचं पाणी. जो नरडं धरेल तोच मरेल.

इथे शब्दाची गुंतागुंत उलगडते. ‘निवडक’ म्हणजे काय? जात निवडणारं, की गुन्हेगार निवडणारं? एम-४४ फार तर जात निवडतं, तेही पुरतं नाही. गळ्यातला पट्टा नेमका गुन्हेगार निवडतो. पण तो महाग, मेंढ्यांच्या गळ्यात बांधत बसावा लागणारा आणि कोयोटनं मेंढीवर झडप घातल्याशिवाय निरुपयोगी. वापर अर्थातच मोजका राहिला. कागदोपत्री मात्र दोन्ही साधनं एकाच विशेषणाखाली बसवली गेली, आणि माझ्या मते ही निव्वळ ढिलाई नव्हती, सोयही होती.

कॅलिफोर्नियातल्या हॉपलंडच्या कुरणांवर १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी हाच फरक ठळक केला. कोकरं मारणारे बहुतेक कोयोट पिल्लावळ असलेल्या जोडीतले निघाले. सापळ्यात सापडत होते ते प्रामुख्यानं तरुण, भटके. स्वतःच्या हद्दीतली जुनी जोडी नव्या वस्तूला तोंड लावत नाही. पोरगेलं जनावर लावतं. म्हणजे मारले जाणारे कोयोट आणि कोकरं मारणारे कोयोट वेगळेच. युटामध्ये तर काही जोड्यांची नसबंदी करून पाहिली. पिल्लंच नाहीत म्हटल्यावर त्यांनी कोकरंही कमी मारली, आणि हद्द राखून बाहेरच्यांना दूर ठेवलं. त्याआधी, १९७५च्या एका गणिती मांडणीत निघालं होतं की दरवर्षी पाऊणशे टक्के कोयोट मारले तरी ते संपायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील.

विष नको असणाऱ्यांची भिस्त राखणीच्या कुत्र्यांवर. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रेट पिरेनीज, अनातोलियन, कोमोंडोर अशा जाती युरोप-तुर्कस्तानच्या धर्तीवर अमेरिकेतल्या कळपांत उतरवल्या गेल्या. कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांच्या आसपास मेंढ्यांतच ठेवतात, म्हणजे कळप हेच त्याचं घर होतं. आपल्या धनगराला यात नवल वाटणार नाही: कुत्री, रात्रीची वाघर आणि कळपाशेजारी झोपलेला माणूस. तिकडे शेकडो-हजारो मेंढ्यांमागे एखादाच माणूस असे, नाहीतर तोही नसे.

कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीनं २०००च्या सुमारास केंद्राशी असलेला, कोयोट मारणाऱ्या सरकारी शिकाऱ्यांचा करार सोडला आणि तो पैसा कुंपण, कुत्री आणि लामा (कळप राखणारं, उंटाच्या कुळातलं जनावर) यांच्याकडे वळवला. मार्च २०१७ मध्ये आयडाहोतल्या पोकाटेलो गावाबाहेर एका मुलानं नळीसारखं काहीतरी पाहून हात लावला. ते एम-४४ निघालं. सायनाइड उडालं, मुलगा वाचला, त्याचं कुत्रं त्याच्यासमोर मेलं. २०१८च्या सरकारी आकड्यांत एम-४४नं मेलेली जनावरं साडेसहा हजारांच्या आसपास होती, त्यांत लक्ष्याबाहेरची दोनशेहून अधिक. २०२३ मध्ये केंद्राच्या जमिनींपैकी एका मोठ्या भागावर या साधनाला मनाई झाली.

मरीनचा दाखला मात्र दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं देतात. मेंढ्यांचं नुकसान कमी झालं, असं एक म्हणतो. दुसरा विचारतो: करार संपल्यावरही मेंढीवाल्यांना स्वतः गोळी घालायची मुभा होतीच, तर त्यांनी किती कोयोट मारले? त्याची नोंद ठेवण्याची सक्ती कुणावरच नव्हती.