दुधाविना गोड, तेही मुंबईच्या उकाड्यात

"त्याला दूध चालत नाही ना? मग बासुंदीऐवजी श्रीखंड करू या." मित्रमंडळींचं जेवण ठरलं की असा सल्ला कोणीतरी देतंच. लगेच दुसरं कोणी म्हणतं, तूपही नको, तेसुद्धा दुधाचंच. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कुणाचं कितपत बरोबर, हे पाहुण्याला नेमकं काय सोसत नाही यावर ठरतं. म्हणून गोडाचं ठरवण्याआधी त्यालाच विचारा: दुधाने पोट बिघडतं, की अंगावर पित्त उठतं?

पोट बिघडत असेल तर बहुधा कारण दुधातली साखर, लॅक्टोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची ही जोडी लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर तोडतं. जगातल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांमध्ये बालपणानंतर हे विकर कमी होत जातं. मग न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस धरतो, जुलाब होतात. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात पाचेक ग्रॅम लॅक्टोज असतं. अशा बहुतेकांना एका वेळी कपभर दूध तसं सोसतं, पण पेढे-गुलाबजाम ज्या खव्याचे होतात त्यात फक्त पाणी उडालेलं असतं, लॅक्टोज सगळं जागच्या जागी राहतं. दूध आटवलं की पचायला हलकं होतं हा समज साफ चुकीचा आहे. चक्का टांगला की पाण्याबरोबर बरंचसं लॅक्टोज निथळतं, आणि तुपात ते जवळपास उरतच नाही.

पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर प्रकरण वेगळं. तिथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा दुधातल्या केसीनसारख्या प्रथिनांवर तुटून पडते. अशा माणसाला श्रीखंड बासुंदीइतकंच धोक्याचं, आणि तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो म्हणून तेही टाळलेलं बरं. दुप्पट भावाचं ए-टू दूध आणून हा प्रश्न सुटत नाही. ए-वन आणि ए-टू यांत फरक आहे तो बीटा-केसीनच्या साखळीतल्या ६७व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा. लॅक्टोज दोन्हींत तेवढंच, आणि केसीन दोन्हींत आहेच.

दोन्ही तऱ्हांचे पाहुणे निर्धास्त जेवावेत असं वाटत असेल तर दूध पूर्ण वगळावं. कोकणातल्या स्वयंपाकघरात याची सोय कधीचीच आहे: नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, खापरोळ्या, पातोळ्या. पण दहा-बारा जणांचा स्वयंपाक उरकून शिरवाळे गाळायला दंडात ताकद लागते. माझं मत नारळाच्या दुधातल्या चायना ग्रासला. आदल्या रात्री करून ठेवता येतं आणि सुरमईच्या जेवणानंतरही कोणी बिचकत नाही. माशांवर दूध घेतलं की कोड उठतं ही भीती मुंबईत आजही चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकू येते. कोड बहुतांशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींवर उलटल्यामुळे येतं. मासे आणि दूध एकत्र पोटात गेल्याचा त्याच्याशी संबंध नाही. ही समजूत कोड असलेल्या माणसांना विनाकारण दोषी ठरवते, म्हणून ती जायलाच हवी.

आता चायना ग्रासकडे येतो. हे खरं तर अगर, लाल समुद्री शेवाळातून काढलेलं. आपल्याकडे तामिळनाडूत मन्नारच्या आखातालगत हे शेवाळ मिळतं, आणि बुड्या मारून ते गोळा करणाऱ्यांत बायका बऱ्याच आहेत. अगरमध्ये पदार्थ घट्ट धरण्याचं काम करते ती अगॅरोजची लांबलचक साखळी. तिच्यात एक गॅलॅक्टोज, पुढे पाण्याचा एक रेणू गमावलेलं उलट्या घडणीचं गॅलॅक्टोज, असं आळीपाळीने चालतं. गॅलॅक्टोज वाचून दचकू नका. ही साखळी तोडणारं विकर आपल्या पचनरसांत नाही, त्यामुळे अगर तंतुमय पदार्थासारखं पुढे सरकतं.

उकळत्या पाण्यात या साखळ्या सुट्या, विस्कटलेल्या तरंगत असतात. तापमान ४० अंशांच्या खाली उतरू लागलं की दोन-दोन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. मग हे पीळ शेजारी-शेजारी येऊन त्यांच्या जाड जुड्या होतात, काथ्याच्या सुंभांचा दोर वळावा तशा. जुड्यांचं जाळं पसरतं, पाणी त्यात अडकतं आणि भांड्यातला द्रव थरथरणारा घट्ट गोळा होतो. आता तोच गोळा परत तापवा. ४० अंशांना काही होत नाही, ६०लाही नाही. वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं, कारण एक पीळ सुटायचा तर आजूबाजूच्या पिळांनी धरलेली पकडही सुटावी लागते.

म्हणजे ६० अंशांना अगर द्रव असतं की घन? याचं उत्तर ते कुठून आलं यावर अवलंबून आहे. उकळीवरून उतरलं असेल तर द्रव, फ्रिजमधून चढलं असेल तर घन. पदार्थ तोच, तापमान तेच, पण अवस्था मात्र पूर्वेतिहासाप्रमाणे. भौतिकशास्त्रात याला हिस्टेरेसिस म्हणतात. लोखंडाच्या चुंबकत्वातही तो दिसतो, पण तिथे आलेख काढावा लागतो. इथे तो वाटीत दिसतो, आणि म्हणूनच मला हा पदार्थ इतका प्रिय आहे. थोडं आणखी खोलात जायचं तर, साखळीला जागोजागी चिकटलेले मिथॉक्सिल गट (अणूंचे छोटे पुंजके) जितके जास्त, तितकं अगर वरच्या तापमानाला जमतं. सल्फेट गट जास्त असतील तर जुड्या नीट बांधल्या जात नाहीत आणि जेली लेचीपेची होते. म्हणून वेगवेगळ्या शेवाळांच्या अगरचा स्वभाव वेगळा असतो.

जिलेटिनचं तसं नाही. ते जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून करतात, म्हणजे शाकाहारी पाहुणे तिथेच बाद. शिवाय त्याचे पीळ ३०-३५ अंशांतच सुटतात. मे महिन्यात मुंबईची दुपार ३३-३४ अंशांची. दहिसरहून दादरला लोकलने डबा नेलात तर जिलेटिनचं पुडिंग वाटेतच पातळ होणार.

हीच अडचण १८८१ साली बर्लिनमध्ये जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत होती. जिवाणू वाढवायला जिलेटिन वापरत, आणि उबेत ते वितळून जाई. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसची पत्नी फॅनी हेस घरी जेली करताना अगर वापरायची. जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्यांकडून तिला ते कळलं होतं. तिने ते सुचवलं. १८८२ मध्ये क्षयाच्या जिवाणूवरच्या लेखात कॉखने अगरचा उल्लेख केला, पण तिचं नाव त्यात आलं नाही. आज जगभर जिवाणू अगरवर वाढवतात ते तिच्यामुळे.

अगरची एक उणीव मान्य करायला हवी. तोंडातल्या ३७ अंशांना ते विरघळत नाही, दातांखाली तुटतं. नुसत्या पाण्यातलं अगर म्हणूनच कोरडं वाटतं. नारळाची चरबी मात्र साधारण २४ अंशांना वितळते. फ्रिजमधून काढलेल्या वडीत ती घट्ट असते आणि जिभेवर आली की सुटते. आकार अगरने धरायचा, मऊपणा नारळाने द्यायचा. वाढताना वडी गारच हवी.

करताना लिटरभर पातळ पदार्थाला १० ग्रॅम चायना ग्रास पुरे. ते अर्धा तास भिजवून थोड्या पाण्यात किंवा शहाळ्याच्या पाण्यात चांगलं उकळा. डावाने उचलून पाहिलं तर एकही धागा दिसता कामा नये. नुसत्या गरम पाण्यात ढवळून ते विरघळत नाही. नारळाचं दूध साखर-वेलची घालून वेगळं कोमट करा. उकळलंत तर चरबीचे थेंब धरून ठेवणारी प्रथिनं बिघडतात आणि तेल वर येतं. फ्रिजमधलं गार दूध अगरमध्ये ओतलंत तर लागलीच गुठळ्या. मिश्रण फार गरम असताना साच्यात ओतलंत तर वर पांढरा आणि खाली पारदर्शक असे दोन थर पडतात, म्हणून ५० अंशांच्या खाली येईपर्यंत ढवळत राहा. कोकमाचा आंबटपणा हवा असेल तर तो वाढताना वरून. आम्लात उकळलं की अगॅरोजच्या साखळ्या तुटतात. कच्चा अननस मात्र बिनधास्त घाला. त्यातलं ब्रोमेलिन प्रथिनं तोडतं, म्हणजे जिलेटिनचा निकाल लावेल, पण अगर प्रथिन नाहीच.

आणि नारळाच्या दुधाची पावडर वापरणार असाल तर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पावडरींत सोडियम केसिनेट असतं, ते दुधातलंच प्रथिन. ज्याला केसीनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी नारळ खवून, मिक्सरला लावून, फडक्यातून पिळलेलं दूधच घ्या.