‘फ्लिकर-फ्री’ आणि ‘लो ब्ल्यू लाइट’: एकाच खोक्यावरची दोन वेगळी आश्वासने

मॉनिटरच्या खोक्यावर ‘फ्लिकर-फ्री’ आणि ‘लो ब्ल्यू लाइट’ ही दोन लेबले बहुधा शेजारी शेजारी छापलेली असतात, दोन्हींच्या डोक्यावर ‘आय केअर’ असा एकच मथळा असतो आणि दुकानात चौकशी केल्यास दोन्हींचा अर्थ ‘डोळ्यांना बरे’ एवढाच सांगितला जातो. वास्तविक पहिले लेबल पडद्याचा प्रकाश मंद कसा केला जातो याविषयी आहे, तर दुसरे त्या प्रकाशात निळ्या रंगाचे प्रमाण किती याविषयी. एक आहे म्हणून दुसरे असेलच असे नाही, आणि ज्याचे डोळे खरोखर नाजूक आहेत त्याने कशासाठी पैसे मोजावेत, हे या फरकावरच ठरते.

निळ्या प्रकाशाचा बोलबाला अधिक, म्हणून तो विषय आधी संपवू. एलसीडी मॉनिटरच्या बॅकलाइटमधील, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यातील, पांढरी दिसणारी एलईडी सामान्यतः मुळात निळी असते. तिच्यावरील फॉस्फर या प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाच्या थरामुळे तिचा प्रकाश पांढरा भासतो, परंतु ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास निळ्याचे टोक, म्हणजे सर्वाधिक तीव्रतेचा भाग, शिल्लक राहतेच. हे टोक दोन प्रकारे कमी करता येते. विंडोजमधील ‘नाइट लाइट’ किंवा मॉनिटरमधील ‘रीडिंग मोड’ निळा रंग सरळ घटवतात, त्यामुळे पडदा पिवळसर दिसतो. तर काही पॅनेलमध्ये एलईडीच अशी बनवलेली असते की ते टोक किंचित लांब तरंगलांबीकडे सरकते आणि रंग फारसे बिघडत नाहीत. याने डोळ्यांचा ताण हटतो, हा दावा मात्र पुराव्यावर टिकत नाही. उघड्या आकाशाखाली मिळणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे पडद्याचा वाटा अगदीच किरकोळ असतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था निळा प्रकाश अडवणारे चष्मे वापरण्याची शिफारस करत नाही, आणि वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १७ चाचण्या तपासूनही अशा चष्म्यांनी पडद्यासमोरचा थकवा निदान अल्पकाळात तरी कमी होतो असे आढळले नाही. झोपेचे शरीरघड्याळ हलवणाऱ्या नेत्रपेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणून रात्री उशिरा पडदा पिवळसर ठेवण्याला काही अर्थ आहे. कोणाला तो रंग एरवीही सुखावह वाटत असेल तर खुशाल ठेवावा. फक्त तो उपचार समजू नये.

फ्लिकरचे, म्हणजे प्रकाशाच्या लुकलुकण्याचे, प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण ते दिसत नाही. एलईडीचा प्रकाश कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. तिच्यातील विद्युतप्रवाहच कमी करायचा, याला डीसी डिमिंग म्हणतात. किंवा प्रवाह पूर्ण ठेवून ती सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायची आणि बंद राहण्याचा काळ वाढवत न्यायचा, याला पल्स विड्थ मॉड्युलेशन किंवा थोडक्यात पीडब्ल्यूएम म्हणतात. नळ अर्धा उघडण्याऐवजी पूर्ण उघडून पुन्हा पुन्हा बंद करत राहावा, तसा हा प्रकार आहे. बादली तेवढीच भरते, धार मात्र अखंड राहत नाही. सेकंदाला २०० ते २५० वेळा होणारी ही उघडझाप डोळ्यांना जाणवत नाही, पण जाणवत नाही म्हणजे बाधत नाही असे नव्हे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटच्या जागी उच्च वारंवारितेवर चालणाऱ्या ट्यूब वापरल्यावर कार्यालयातील डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने एलईडी दिव्यांसाठी केलेल्या ‘१७८९’ क्रमांकाच्या २०१५ सालच्या शिफारशींमध्येही उघडझापेची वारंवारिता जितकी कमी, तितकी तिची खोली, म्हणजे उजेडातील चढउतार, कमी असावी असे म्हटले आहे. ३००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३००० वेळांच्या, पुढे मात्र मर्यादा सुचवलेली नाही. (या आकड्याचा जाहिरातीतील १४४ हर्ट्झच्या रिफ्रेश रेटशी काही संबंध नाही. तो चित्र किती वेळा बदलते याचा आकडा आहे, आणि ही गल्लत फार जण करतात.)

यात एक विचित्र पेच आहे. डोळे दुखू लागले की माणूस साहजिकच ब्राइटनेस उतरवतो. पण पीडब्ल्यूएमच्या पडद्यावर ब्राइटनेस जितका कमी, तितका प्रत्येक आवर्तनातील अंधाराचा काळ मोठा, म्हणजे ज्याला त्याचा त्रास होतो त्याने स्वतःच तो वाढवून घेतलेला असतो. अनेक पॅनेल पूर्ण ब्राइटनेसवर मुळीच उघडझाप करत नाहीत. अशा एलसीडीवर मॉनिटरचा स्वतःचा ब्राइटनेस चढा ठेवून चित्राचा उजेड सॉफ्टवेअरने उतरवावा. कॉन्ट्रास्ट थोडा घटतो, पण प्रकाश अखंड राहतो. ओएलईडीच्या, म्हणजे बॅकलाइटशिवाय ज्याचा प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो अशा पडद्याच्या, बाबतीत अधिक सावध राहावे, कारण अतिशय कमी प्रवाहावर त्यातील रंग आणि उजेड सर्वत्र सारखे राखणे अवघड जात असल्याने तेथे पीडब्ल्यूएमचा वापर सर्रास होतो.

लेबलावर विसंबून न राहता एलसीडीची ही परीक्षा घरीच करता येते. खोलीतील दिवे बंद करून पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, ब्राइटनेस पाव भागावर आणावा आणि पानासमोर एक पेन आडवे जोरात हलवावे. पेनचा सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. अनेक सुटी पेने एकापुढे एक गोठल्यासारखी दिसली तर बॅकलाइट चालू-बंद होत आहे. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर एक सहस्रांश सेकंदावर ठेवून पाहावे. बॅकलाइट उघडझाप करत असेल तर पडद्यावर आडवे काळे पट्टे येतात आणि ब्राइटनेस पूर्ण केल्यावर ते पुसट होतात किंवा नाहीसे होतात. निळ्या प्रकाशाचा मोड चालू केल्याने या पट्ट्यांत काडीचाही फरक पडत नाही, आणि दोन्ही लेबले वेगळी आहेत हे पटवायला तेवढे पुरेसे आहे.

आता कोरड्या डोळ्यांविषयी. प्रकाश सहन न होणे आणि डोळे कोरडे पडणे या तक्रारी अनेकदा एकत्र येतात, म्हणून एकाच मॉनिटरने दोन्ही सुटाव्यात अशी अपेक्षा केली जाते. परंतु एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर ५ ते ७ वेळाच मिटतात, त्याही पुष्कळदा अर्धवट, आणि तेवढ्या वेळात अश्रूंचा पातळ थर सुकतो. यावर फ्लिकर-फ्री पडदाही चालत नाही आणि पिवळसर पडदाही नाही. येथे उपयोगी पडते ती पडद्याची उंची, कारण नजर खाली झुकली की पापण्यांची फट अरुंद होते आणि डोळ्याचा उघडा राहणारा भाग कमी होतो. म्हणून अशा ग्राहकाने लेबलांआधी स्टँड तपासावा, आणि तो पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या खाली येईल इतका उतरतो का ते पाहावे. छतावरचा पंखा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल, तर टेबलाची जागाही बदलावी.