चाफ्याला प्लास्टिक गुंडाळून थंडी थांबत नाही

पारा शून्याखाली जाणार म्हटलं की चाफ्याला, गुलमोहराला प्लास्टिक गुंडाळून बुंध्याशी करकचून बांधा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. गोधडीत आपल्याला ऊब मिळते ती आपल्याच अंगाची. झाड तशी ऊब तयार करत नाही. रात्री ती येते जमिनीतून. म्हणून आच्छादन चहूबाजूंनी जमिनीला टेकलेलं हवं, आणि शक्यतो कापडाचं. प्लास्टिक जिथे पानाला चिकटतं, नेमकं तिथंच पान काळं पडतं. आदल्या दिवशी माती ओली केली तर ती उष्णता जास्त धरते. तरीही थंडी लांबली तर चाफ्याचे शेंडे मऊ पडतातच. कुंडीतला असेल तर सरळ घरात घ्या. काळवंडलेल्या फांद्यांवर लगेच कात्री मात्र नको. नखाने साल खरवडा, खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे.