करार पद्धतीचे ब्रॉयलर कुक्कुटपालन

कंपनीच्या मालकीची मांसल कोंबडीची पिल्ले शेतकऱ्याने आपल्या शेडमध्ये वाढवायची आणि किलोमागे ठरलेला मोबदला घ्यायचा, अशी ही करार शेतीची पद्धत. १९९०च्या दशकात ती तमिळनाडूतील कोइमतूर परिसरात रुजली आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरली.

एक दिवसाची पिल्ले, खाद्य, औषधे आणि लसी कंपनी देते. शेड, वीज, पाणी, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. पहिला आठवडा ब्रूडिंगचा, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देण्याचा. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना बिलगून बसली तर ऊब कमी पडते आहे, चोची वासून कडेला पांगली तर उष्णता जास्त झाली आहे, हे पाहायला घरातले कोणीतरी रात्रीही उठते. साधारण ४० दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरला की कंपनीची गाडी माल उचलते.

हिशेबात एफसीआरला, म्हणजे किलोभर वजनासाठी किती किलो खाद्य लागले याला, फार महत्त्व. दोन किलोंच्या पक्ष्याने ३.२ किलो खाद्य खाल्ले तर एफसीआर १.६. तो वाढला किंवा मर जास्त झाली की मोबदला घटतो. पिल्ले मुळातच कमजोर आली किंवा खाद्य हलके निघाले तरी तो आकडा शेतकऱ्याच्याच नावावर चढतो. या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय हाच.

तरीही छोटे शेतकरी यात उतरतात, कारण भाव पडण्याची थेट झळ त्यांना बसत नाही. भारत रामस्वामी, प्रताप बिर्थल आणि पी. के. जोशी या अर्थतज्ज्ञांनी आंध्र प्रदेशात केलेल्या अभ्यासातही हेच दिसले: वाढीव फायद्याचा मोठा वाटा कंपनीकडे जातो, पण जोखीम घटल्याने शेतकऱ्यालाही लाभ होतो. मात्र संकट मोठे असले की हे संरक्षण पुरत नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२० मध्ये कोरोनाच्या अफवांनी चिकनची मागणी बसली. अशा वेळी नवी पिल्ले टाकणेच लांबते. शेडसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही, आणि ती शेड दुसऱ्या कामाला फारशी उपयोगी नसते.

केंद्राच्या २०२० च्या करार शेती कायद्यात कुक्कुटपालनही होते. त्यात वाद दिवाणी न्यायालयाऐवजी प्रांताधिकाऱ्यांकडे नेण्याची तरतूद होती. २०२१ मध्ये तो रद्द झाला. करार बहुतेकदा एका बॅचपुरताच असतो. वर्षाला किती बॅच मिळतील याची हमी त्यात क्वचितच असते.