लाल एकच, प्लेटी दोन

2022च्या नोव्हेंबरात अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोन या कंपनीचे, क्रमांकांनी ओळखले जाणारे बहुतेक रंगसंच गेले. फोटोशॉपच्या काही जुन्या फायली उघडल्यावर लोगोच्या जागी काळं दिसू लागलं आणि ‘रंगच काढून घेतले’ अशी ओरड झाली. रंगांच्या परवान्यावरून आलेला राग रास्त होता. छपाईच्या दृष्टीने मात्र पडद्यावरचा काळा ही किरकोळ बाब आहे, कारण स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळलेल्या वेगळ्या शाईचा रंग, फाइलमध्ये रंग म्हणून नसतोच. तिथे असतं एक नाव आणि एक टक्केवारी.

सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांच्या ठिपक्यांतून बहुतेक रंग जमतात. पॅन्टोन ऑरेंज 021 सारखे काही जमत नाहीत. काही रंग प्रत्येक खोक्यावर तंतोतंत तसेच लागतात. अशा रंगाची शाई आधीच मिसळून घेतात आणि तिची वेगळी प्लेट (एका शाईचा छपाईचा पत्रा) काढतात. पीडीएफमध्ये या प्लेटीची नोंद तीन भागांत असते: प्लेटीचं नाव, पर्यायी रंगपद्धत (सीएमवायके, म्हणजे त्याच चार शाया, किंवा लॅब, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे आकडे), आणि टक्केवारीवरून पर्यायी आकडे काढणारं सूत्र. ती शाई मशीनवर असेल तर रिप, म्हणजे फाइलवरून प्लेटी काढणारं सॉफ्टवेअर, फक्त नाव वाचतो. उरलेले दोन भाग पडद्यासाठी, प्रूफसाठी आणि शाई नसेल तेव्हासाठी.

नाव अक्षरशः जुळावं लागतं. नव्या फाइलमध्ये ‘पॅन्टोन 185 सी’ आहे आणि ग्राहकाने पाठवलेल्या जुन्या ईपीएस लोगोत ‘पॅन्टोन 185 सीव्हीसी’ हे तिचंच जुनं नाव. डोळ्यांना लाल एकच, रिपला मात्र दोन शाया. मतदारयादीत एकाच माणसाचं नाव दोनदा यावं तसा प्रकार. पाच प्लेटींच्या जागी सहा निघतात, आणि अर्धा लाल मजकूर एकीवर, अर्धा दुसरीवर जातो.

इथे उपाय म्हणजे नाव बदलणं. आणलेल्या चित्रातला स्वॉच, म्हणजे रंगाची नोंद, पानं मांडायचं इनडिझाइन पुसू देत नाही. म्हणून त्यातला इंक मॅनेजर उघडायचा, ‘सीव्हीसी’वाली शाई निवडायची आणि इंक एलियसमध्ये (तिच्याऐवजी कोणती शाई धरायची, त्या रकान्यात) ‘185 सी’ द्यायची. स्वॉच यादीत जुनं नाव तसंच राहतं, त्याने गोंधळू नये. एलियस प्लेटी काढताना लागू होतो. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केला की पडद्यावरही दिसतो.

‘सी’ आणि ‘यू’ यांचंही तेच. शाईचं मिश्रण एकच, पण सी हा नमुना कोटेड, म्हणजे लेप दिलेल्या, कागदावरचा आणि यू अनकोटेडवरचा. वास्तूला ‘लाभणारा’ लाल विचारून व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्यांनी लाभ सीचा की यूचा, हेही विचारून घ्यावं. डबा तोच असला तरी कागद बदलला की लाल बदलतो.

खरी गंमत, आणि खरं नुकसान, स्पॉट मोडून चार रंगांत नेताना होतं. समजा, सूत्रानुसार 100 टक्के लाल म्हणजे सायन 0, मॅजेंटा 91, पिवळा 76, काळा 0. खोक्यावर 60 टक्के मॅजेंटाचा पट्टा आहे आणि त्यावर 20 टक्के लालची सावली, ओव्हरप्रिंट (खालच्या इतर शाया तशाच ठेवून वर छापणं) लावलेली. स्पॉट असेपर्यंत सगळं ठीक: मॅजेंटाच्या प्लेटीवर 60, लालच्या प्लेटीवर 20, दोन्ही शाया एकमेकींवर बसतात आणि सावली गडद होते.

आता लाल मोडा. 20 टक्क्यांचे झाले मॅजेंटा 18, पिवळा 15. ओव्हरप्रिंटचा नियम प्लेटीगणिक चालतो: वरच्या वस्तूला ज्या प्लेटीवर आकडा आहे, तिथे खालचा आकडा पुसला जातो; बेरीज होत नाही. म्हणजे मॅजेंटा 60 वरून 18 वर घसरतो. सावली पट्ट्यापेक्षा फिकट, पिवळसर, उजेड पडल्यासारखी छापून येते. ओव्हरप्रिंट मोड 0 असो वा 1, मॅजेंटाचं हेच होतं. मोड 1 फक्त शून्य आकड्याच्या प्लेटीवरचं खालचं काम वाचवतो.

यावर उपाय आधीच करायचा. रंग मोडण्यापूर्वी सावलीचा ओव्हरप्रिंट काढून ब्लेंड मोड (रंग मिसळायची पद्धत) मल्टिप्लाय, म्हणजे गुणाकार, करावा. मग गणित असं: खाली उरलेला कागद 0.40, वरून जाणारा उजेड 0.82, गुणाकार 0.328, तो 1 मधून वजा केला की मॅजेंटा सुमारे 67. पिवळा 15 च. सावली पुन्हा सावली. काही रिप हे स्वतः सांभाळतात, पण त्या भरवशावर प्लेटी काढू नयेत.

दुसरा घात इंक मॅनेजरमधल्या ‘ऑल स्पॉट्स टू प्रोसेस’ (सगळे स्पॉट चार रंगांत मोडा) या एका टिचकीने होतो. डायलाइन (खोकं कापायची रेघ) आणि स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरचं चकचकीत वार्निश) यांच्याही प्लेटी फाइलमध्ये स्पॉट म्हणूनच असतात. टिचकी मारली की कापायची रेघ खोक्यावर छापली जाते आणि यूव्हीचा ठसा डाग होऊन बसतो. म्हणून एकेक शाई निवडून मोडावी. डायलाइन ओव्हरप्रिंटवरच ठेवावी, नाहीतर तिच्याखाली पांढरी रेघ कोरली जाते आणि डाय (कापणारा साचा) जराशी सरकली की ती दिसते.

स्पॉट ठेवायचाच असेल तर ठिपक्यांच्या रांगांचे कोन तपासा. सायन 15, मॅजेंटा 75, काळा 45 अंश ही नेहमीची मांडणी, आणि नव्या स्पॉटला बऱ्याचदा 45 च मिळतो. लालच्या छटा काळ्यासोबत येत असतील तर मोअरेची, म्हणजे ठिपक्यांच्या रांगा एकमेकींत अडकून होणारी, जाळी उमटू शकते. त्या भागात मॅजेंटा नसेल तर लालला 75 द्यावा.

शेवटची तपासणी अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये. सिम्युलेट ओव्हरप्रिंटिंग चालू ठेवून एकेक प्लेट बंद-चालू करावी आणि कर्सर सावलीवर नेऊन आकडे वाचावेत. मॅजेंटा 67 च्या आसपास असेल तर प्लेटी काढायला हरकत नाही. 18 दिसला तर फाइल परत डीटीपीकडे.