पलंगाखाली मावणारी होडी

अँटन विलिस हा सॅन फ्रान्सिस्कोतला वास्तुविशारद. लहान घरात राहायला गेल्यावर त्याच्या कायाकला, म्हणजे बसून वल्हवायच्या निमुळत्या होडीला, तिथे जागा उरली नाही आणि ती बाहेर दुसरीकडे नेऊन ठेवावी लागली. त्याच सुमारास ओरिगामीवरचा एक लेख त्याच्या वाचनात आला आणि तो कागदाला घड्या घालत बसला. कागदाचे नमुने झाले, मग प्लास्टिकच्या पत्र्याचे झाले. २०१२ मध्ये त्याने इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून ‘ओरू’ ही घडीची कायाक बाजारात आणली. जपानी भाषेत ‘ओरू’ म्हणजे घडी घालणं.

याच्या शंभरेक वर्षं आधी, १९०५ मध्ये, म्युनिकमध्ये आल्फ्रेड हॉयरिश नावाच्या तरुणाने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. योगायोग असा की तोही वास्तुकलेचाच विद्यार्थी होता. त्याने बांबूचा सुटा होणारा सांगाडा केला, त्यावर शिडाचं कापड ताणून बसवलं आणि ती होडी इझार नदीत घातली. सगळी होडी तीन पिशव्यांत मावायची आणि एकेका पिशवीचं वजन साडेचार किलोच्या आत असायचं. १९०७ मध्ये रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क घेतले. होडी बनवायला सुताराऐवजी शिंपी पुढे आला, यात मला तरी नवल वाटत नाही, कारण या होडीत खरं कसब कापड बेतण्याचं आणि शिवण्याचंच आहे.

घडीची कायाक घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न येतो तो, घडी केल्यावर ती केवढी होते. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या घरात तो यायलाच हवा. पण घडी घालताना आपण नेमकं काय काढून टाकतो, हे आधी कळलं तर निवड सोपी होते.

आपण काढतो ती हवा. ओरूची ‘इनलेट’ नावाची कायाक सुमारे तीन मीटर लांब आणि नऊ किलो वजनाची आहे. ती पॉलिप्रॉपिलीनची आहे आणि या प्लास्टिकची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असते. म्हणजे सगळी कायाक वितळवून बादलीत ओतली तर जेमतेम दहा लिटर भरेल. घडी केल्यावर मात्र तिची जी पेटी होते ती साधारण एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि पाव मीटर जाड, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास असते. उरलेली सगळी हवाच, घड्यांच्या मधली आणि पत्र्याच्या पोकळ भिंतीतली. तरंगताना तिच्यात याहून कितीतरी जास्त हवा असते. होडी म्हणजे मुळात हवा आणि ती पाण्यापासून वेगळी ठेवणारी एक पातळ भिंत. घरात ठेवायची असते ती फक्त भिंत.

ही भिंत सपाट पत्र्यातून कशी उभी राहते, हा या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग. कणकेचा गोळा दाबून, ताणून हवा तो आकार घेतो, कागद घेत नाही. गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये दाखवून दिलं की सपाट पृष्ठभाग न ताणता आणि न फाडता वाटीसारखा दोन्ही दिशांनी वळवता येत नाही. होडीचा तळ तर तसाच हवा, आडवाही वळलेला आणि टोकांकडे उभाही चढत जाणारा. यातून सुटायची युक्ती आपल्याकडे पंगतीला बसलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. पळसाचं पान घेऊन कडेला जास्त होणारा भाग दुमडायचा आणि त्यात काडी टोचायची, की आमटी धरणारा द्रोण तयार. पान कुठेच ताणलं गेलेलं नसतं. जास्तीचा सगळा भाग चुण्यांमध्ये गेलेला असतो. ओरूचा पत्रा अशाच ठरलेल्या रेषांवर मुडपतो आणि काडीच्या जागी पट्टे आणि बकलं येतात.

घडी होडीला बळही देते. साधा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवला तर मधोमध खाली झुकतो, तोच पंख्यासारखा दुमडून ठेवला तर वर पेला पेलतो. पत्रा स्वतः पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा दोन थरांचा आणि आतून पन्हळी आहे. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट. म्हणून मध्ये पोकळी ठेवून दोन थर एकमेकांपासून दूर धरले की थोड्या प्लास्टिकमध्ये बरंच बळ मिळतं.

रोज घडी घातली तर पत्रा फाटणार नाही का, ही शंका रास्त आहे. शांपूच्या बाटलीचं झाकण आठवा. ते त्याच प्लास्टिकच्या पातळ बिजागरीवर वर्षभर उघडझाप करतं, कारण पहिल्या काही वाकवण्यांतच तिथल्या रेणूंच्या साखळ्या घडीला आडव्या, एका दिशेने लागतात आणि ती जागा चिवट होते. निर्माते २०,००० घड्यांची ग्वाही देतात. दर रविवारी उघडून मिटली तर वर्षाच्या १०४ घड्या होतात, म्हणजे बिजागरी पणतवंडांनाही पुरेल. होडी जुनी होते ती उन्हातल्या अतिनील किरणांनी, खडकावर घासून आणि बकलं तुटून.

हॉयरिशच्या वंशातल्या, म्हणजे सांगाडा आणि कातडी अशा कायाकचं गणित निराळं. तिचा मूळ पूर्वज उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा ‘कायाक’. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं. असा सांगाडा लाटेबरोबर किंचित लवतो आणि धक्का सोसतो. ऑस्कर श्पेक हा जर्मन माणूस १९३२ मध्ये ऊल्म गावातून घडीच्या कायाकमध्ये निघाला आणि सात वर्षांनी, सुमारे ५०,००० किलोमीटर अंतर तोडून, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. वाटेत तो इराणच्या आखातातून येऊन हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने सिलोनकडे उतरला. आपल्या कोकणपट्टीसमोरून कापडाची एक होडी अशी वल्हवत गेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही होडी सोंगट्यांसारखी सुटी होते, त्यामुळे तिला माळ्यावर टाकता येतं. पेटीसारखी एकसंध, रिकामी जागा तिला लागत नाही. मात्र जोडायला पंधरा मिनिटांपासून अर्धा तास जातो, आणि क्लेपरच्या दोन माणसांच्या कायाकचं वजन तीस किलोच्या वर असतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत हा आकडा आधी पाहावा.

तिसरा प्रकार हवा भरायचा. यात हवाच सांगाड्याचं काम करते. नव्या प्रकारात वरच्या आणि खालच्या थराला हजारो धाग्यांनी एकमेकांशी बांधलेलं असतं, त्यामुळे दाबाखालीही तळ फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. घडी सगळ्यात लहान होते, पाठीवरच्या पिशवीएवढी. फक्त उन्हाचं भान हवं. सकाळी २५ अंशांना १० पीएसआय दाब भरला आणि दुपारी वाळूवर आतली हवा ५० अंशांवर गेली, तर दाब १२ पीएसआयपर्यंत चढतो. काठावर आल्यावर थोडी हवा सोडून देणं शहाणपणाचं.

लहान घरात सगळ्यात जास्त छळतं ते पाणी. कोरड्या होडीची घडी जाहिरातीत दिसते, ओली होडी कुणी दाखवत नाही. पावसाळ्यात मुंबईची हवा ८० टक्क्यांहून अधिक दमट असते. सुती कापड अशा हवेत ओलं गुंडाळून ठेवलं तर चार दिवसांत बुरशी धरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांध्यांत खारं पाणी सुकलं की त्या एकमेकींत अडकून बसतात. हवेच्या कायाकमध्ये तळ आणि कडा यांच्या खोबणीत पाणी लपून राहतं आणि ते वाळवायला ती पुन्हा फुगवून पसरावी लागते, म्हणजे तीन मीटर मोकळी जागा आली. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ पीतच नाही, फडक्याने पुसलं की काम झालं. गच्ची नसलेल्या, एका खिडकीच्या घराला मी याच एका कारणासाठी ओरूसारखी कायाक सुचवेन, आणि तीही धरणाच्या शांत पाण्यासाठी. समुद्रात जायचं, सामान घेऊन दिवसेंदिवस फिरायचं, तर सांगाड्याची. गच्ची आहे पण पलंगाखाली जागा नाही, तर हवेची.

लांबीचा मोह फार धरू नये. होडी ज्या वेगाला स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते आणि पुढे रेटणं जड जातं, तो वेग लांबीच्या वर्गमुळाने वाढतो, तीन मीटरला ताशी आठ किलोमीटरच्या जवळपास आणि पाच मीटरला दहा. फुरसतीने वल्हवणारा माणूस ताशी चार-पाचच्या पुढे क्वचित जातो.

आता त्या काढून टाकलेल्या हवेकडे परत येऊ. साध्या कठीण कायाकमध्ये बहुधा पुढेमागे बंद कप्पे असतात. घडीच्या कायाकमध्ये आडव्या भिंती घालता येत नाहीत, आतून सगळी एकच पोकळी असते. ती उलटली आणि आत दोनशे लिटर पाणी शिरलं, तर ते दोनशे किलो पाणी उपसून पुन्हा चढणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. हान्स लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ मध्ये क्लेपरच्या घडीच्या कायाकमधून अटलांटिक ७२ दिवसांत ओलांडला. शेवटच्या टप्प्यात होडी दोनदा उलटली आणि वादळात तो कित्येक तास उलट्या बुडाला धरून राहिला. त्या होडीच्या दोन्ही कडांना हवेच्या नळ्या होत्या. ज्या कायाकमध्ये त्या नसतात, तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकात फुगवायच्या पिशव्या घालाव्यात. बंद पिशवीत हवा असते तिथे पाणी शिरू शकत नाही. मिटल्यावर या पिशव्या मुठीएवढ्या होतात, म्हणून जागेचं कारण सांगून त्या टाळू नयेत.

घडी न होणारी वस्तू एकच, तरंगण्याचं जाकीट. आर्किमिडीजच्या नियमाने सात किलोचा उचल देणाऱ्या जाकिटाला निदान सात लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, आणि फोमच्या जाकिटात ही जागा कायमची भरलेली असते. पेटीसाठी पलंगाखालची जागा मोजाल तेव्हा तिच्या शेजारी ते सात लिटर आधी मोजून घ्या.