मानसिक आजाराचा दाखला म्हणजे सुटका नव्हे

‘मानसिक आजाराचा डॉक्टरी दाखला न्यायालयात सादर केला की खुनाचा आरोपीही मोकळा सुटतो,’ असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे. गंभीर गुन्ह्यांविषयीचा संताप समजण्यासारखा आहे. कायद्याची कसोटी मात्र बरीच कठोर आहे.

भारतीय न्याय संहितेचे कलम २२ (पूर्वीच्या दंड संहितेतील कलम ८४) आजाराचे नाव पाहत नाही. कृत्य करतेवेळी, मनोविकलतेमुळे, त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे हे समजण्यास ती व्यक्ती असमर्थ होती काय, हाच प्रश्न असतो, आणि तसे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणून जुना दाखला किंवा चालू औषधे पुरेशी ठरत नाहीत. घटनेच्या आधीचे, त्या वेळचे व नंतरचे वर्तनही तपासले जाते.

खटल्याच्या वेळी आरोपी बचाव करण्यास असमर्थ असणे ही निराळी बाब आहे. प्रथमदर्शनी पुरावा असल्यास तेव्हा सुनावणी पुढे ढकलली जाते, आरोप पुसला जात नाही. सुधारणेची खरी गरज, माझ्या मते, या रेंगाळण्यातच आहे.

कृत्याच्या वेळच्या मनोविकलतेमुळे निर्दोष ठरलेल्या व्यक्तीनेच कृत्य केल्याचे आढळल्यास, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार, तिला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवण्याचा आदेश द्यावा लागतो. दोन्ही कलमे केंद्र सरकारच्या कायदेविषयक संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.